तिकडनं आलेलं माणूस

“तिकडनं कोन आलं का?”

एक पाय मोटारीच्या पायरीवर, दुसरा रस्त्यावर, डाव्या हाताचा पंजा कपाळाला लावलेला आणि नजर सडकेच्या पार टोकाला. मामा म्हटलं की मला हे असंच दिसतं, आणि दिसलं की आजही आधी माझ्या कपाळाला आठी पडते. तुम्ही त्यांच्या मोटारीत कधी बसला असाल तर तुमच्याही पडेल. बसला नसाल तर सुटलात.

मामा सांगली-सातारा रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवत. क्लीनरपासून स्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामाच. खरं नाव कोणी घेत नसे. मिरजेच्या खालच्या अंगाचे, बोलण्याला जरा कानडी हेल, उंचेपुरे, मिशा पिकलेल्या. पहिल्या लढाईत बसऱ्याकडे जाऊन आले होते. तिथला पलटणीचा खाकी कोट पावसाळा लागला की अंगावर चढायचा, तो दिवाळीलाच उतरायचा.

दुसरी लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागे बंबासारखी एक टाकी बसवली होती. तिच्यात कोळसा पेटवायचा, त्याच्या गॅसवर मोटार चालायची. चालायची म्हणजे सपाटीला चालायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. मी माधवनगरच्या एका गिरणीत कारकून होतो. सुताच्या परवान्यांसाठी साताऱ्याच्या कचेरीत सारखे खेटे घालावे लागत, त्यामुळे ह्या मोटारीला मी जितकं ढकललं तितकं दुसऱ्या कोणी ढकललं नसेल.

त्रेचाळीस-चव्वेचाळीस सालचा आमच्या भागातला प्रवास म्हणजे काय होता, हे ज्यांनी केला नाही त्यांना सांगून कळणार नाही. सांगलीत संस्थानचं राज्य. हद्द ओलांडली की इंग्रजाचं. आणि कराडच्या आसपास खेड्यापाड्यांतून भूमिगत पोरांचं. एका दिवसात तीन सरकारांतून जायचं आणि तिन्ही सरकारांचा आपल्यावर संशय. कुठं तारा तोडलेल्या, कुठं झाड पाडून रस्ता अडवलेला, कुठं ओढ्यावरची मोरी खणून ठेवलेली. पोलीस मोटार थांबवून सगळ्यांना पावसात उभं करत. पांढरी टोपी घातली तर पोलीस बाजूला घेत, काळी घातली तर गावकरी खबऱ्या म्हणून बघत. मी दोन्ही टोप्या पिशवीत घेऊन फिरायचो. आई म्हणाली, “बोडका जा ना त्यापेक्षा.” तेव्हापासून बोडका जाऊ लागलो, तर एका जमादाराने विचारलं, टोपी कुठं लपवलीस?

अशा दिवसांत मामांनी स्वतःचा एक नियम करून ठेवला होता. समोरून कोणीतरी आलं पाहिजे. बैलगाडी येऊ दे, शेळ्या घेऊन एखादा येऊ दे, कोणीही. ते आलं की मामा मोटार थांबवून विचारायचे, “म्होरं काय हाय?” त्याने “काय न्हाई” म्हटलं की पुढं निघायचे. आणि बराच वेळ समोरून कोणीच आलं नाही, तर मामा मोटार बाजूला घेऊन उभी करायचे. बंद. मग तुम्ही डोकं आपटा.

एकदा पेठ गावाच्या पुढे एक म्हातारी डोक्यावर जळण घेऊन आली. मामांनी करकचून ब्रेक लावला.

“काय आज्जे, म्होरं काय हाय?”

“म्होरं? म्होरं माजं घर हाय,” म्हातारी म्हणाली, आणि न थांबता गेली.

मामा खुशीत परत येऊन बसले. “आज्जी चालत आली म्हंजे वाट हाय,” म्हणाले.

एक वकील होते, नेहमीचे उतारू. ते एकदा तापले. “अहो, ही सरकारी सडक आहे. तिच्यावर माणूस दिसलंच पाहिजे असा काही कायदा आहे का?”

“कायदा न्हाई की साहेब,” मामा म्हणाले. “पर भरल्या दिवसाची वाट रिकामी दिसली म्हंजे कायतरी हाय. आपुन थांबूया.”

आणि थांबलोच. वकिलांचा खटला त्या दिवशी पुकारून गेला.

मला ह्या माणसाचा संताप यायचा, हे मी लपवत नाही. कारण मामा कधी भांडत नसत. तुम्ही ओरडलात तर ऐकून घेत, मान हलवत आणि बिडी पेटवून सडकेकडे बघत राहत. भांडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ह्यांच्यापुढे नुसते हात टेकायचे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो.

माझा धाकटा भाऊ कॉलेजात होता. तारा तोडल्या म्हणून पकडला आणि साताऱ्याच्या तुरुंगात ठेवला. वडील आधीच गेलेले. आई रोज संध्याकाळी जेवायला बसताना तिसरं पान मांडायची आणि मग उचलून ठेवायची. किती खटपटी केल्या तेव्हा एकदाची भेटीची परवानगी आली. आषाढी पौर्णिमेचा दिवस, चार वाजायच्या आत. आणि त्याच वेळी कानावर आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लांबच्या तुरुंगात हलवणार आहेत. एकदा तिकडं गेला की आईला कुठून भेट मिळणार?

पौर्णिमेला आम्ही पहिल्या, मामांच्याच मोटारीने निघालो. आईच्या मांडीवर डबा, त्यात भावाला आवडतात म्हणून गुळाच्या पोळ्या. मोटार निम्मी रिकामी होती. आम्ही दोघं, ते वकील, सांगलीचे दोन व्यापारी आणि एक मास्तर. एरवी उभं राहायला जागा नसे. मी मनात म्हटलं, बरं झालं, ओझं कमी, लवकर पोचू.

सांगलीकडे गाड्या दिसत होत्या. पेठनंतर कमी झाल्या. कराड सोडलं आणि सडकेवर चिटपाखरू दिसेना. शेतात औत नाही, बांधावर माणूस नाही. मामांचा हात सारखा कपाळाकडे जाऊ लागला. उंब्रज मागे टाकून थोडं पुढे गेलो आणि एका मोठ्या आंब्याखाली त्यांनी मोटार बाजूला घेतली.

“काय झालं मामा?”

“कराडापासनं एक गाडी न्हाई की साहेब. एक मानूस न्हाई.”

“मामा, आज नको. आज माझ्या आईची भेट आहे. चारच्या आत पोचलंच पाहिजे.”

“व्हय की. त्यासाठनंच. म्हातारं मानूस हाय गाडीत.”

मी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. वकिलांनी कायदा सांगितला. व्यापारी म्हणाले, चालतच जाऊ या. आणि पावसाची सर आली तसे परत येऊन बसले. मामांचं आपलं एकच. “येऊ द्या एखादं मानूस तिकडनं. लगेच निघूया.”

आई मात्र मांडीवरचा डबा धरून सडकेकडे बघत होती. शेवटी मामाच तिच्या खिडकीपाशी गेले.

“आई, माज्यावर राग धरू नगा,” म्हणाले. “बेचाळीसच्या थंडीत अशीच रिकामी वाट हुती. मी म्हनलं, बरं हाय, वाट मोकळी हाय, दाबा गाडी. म्होरं मोरी खनलेली. सगळ्या गावाला ठावं हुतं, म्हनून तर कोन वाटंवर नव्हतं. माजा धाकटा भाऊ माज्या गाडीवर क्लीनर हुता. पायरीवर हुबा हुता त्यो.”

आईने डब्यातली एक पोळी काढून त्यांना दिली. ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजून गेले तेव्हा मी मोटारीतून उतरून लांब जाऊन उभा राहिलो, कारण आईचं तोंड मला बघवेना.

आणि मग पलीकडून आवाज आला. हलगीचा. झाडाआडून आधी एक बैल आला, शिंगं हिंगुळाने रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. त्याच्यामागे दुसरा, मग दहा-बारा, आणि त्यांच्याभोवती नाचत सगळं गाव.

मामा धावत गेले. “म्होरं काय हाय रं?”

“काय असायचं? आवं, आज बेंदूर न्हवं का!”

बेंदूर. बैलाचा सण. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, औत धरत नाहीत, गाडी जुंपत नाहीत. म्हणून सडकेवर गाडी नव्हती. म्हणून शेतात माणूस नव्हतं. आणि शेतकरी घरी सणाला, म्हणून तर मोटार रिकामी होती. एखादा जरी कुणबी आत असता तर सकाळीच बोलला असता. गुरुपौर्णिमा आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर तर गुरूंच्या पाया पडायलाच निघाले होते. बेंदूर कोणाच्या डोक्यात आला नाही.

आई त्या बैलांकडे बघत हळूच म्हणाली, “वाईला आम्ही मातीचे बैल पुजायचो आजच्या दिवशी. पोराच्या नादात माझ्याही लक्षात नाही आलं रे.”

मामा मटकन पायरीवर बसले. “आमच्या कानडी अंगाला बेंदूर महिन्यामागंच झाला,” म्हणाले. “मी आपला झाला म्हनून सोडून दिला. हिकडचा आज आसतोय ह्ये ध्यानातच न्हाई आलं.”

साताऱ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सकाळी उजाडता तुरुंगाच्या दारात गेलो, तर पहाटेच नेलं म्हणाले. डबा तसाच परत आला.

स्टँडवर मामा वाट बघत उभे होते. “गाठ पडली न्हवं?”

आईने भरलेला डबा दाखवला. मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्टँडवरच्या सगळ्यांसमोर मी त्यांना बोललो. माणूस दिसल्याशिवाय हलायचं नाही म्हणता, मग घरी बसा. एका सणासाठी माझ्या आईची भेट घालवलीत. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी आईच म्हणाली, “पुरे कर. त्यांनी काय मुद्दाम केलं?” माझा राग काही गेला नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं.

त्यानंतर मामांनी नियम सोडला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढच्याच खेपेला कराडच्या पुढे सडक रिकामी दिसली, आणि मामांनी मोटार बाजूला घेतली. मी कपाळावर हात मारला.

पण ह्या वेळी त्यांनी बिडी पेटवली नाही. कोटाची बटणं लावली, हातात काठी घेतली आणि एकटेच सडकेने चालायला लागले. वळणाआड दिसेनासे झाले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. बऱ्याच वेळाने समोरून एक माणूस येताना दिसलं. मामाच. पुढची मोरी बघून, पूल बघून परत येत होते.

“आलं की तिकडनं मानूस,” हसून म्हणाले. “चला, बसा.”

पुढे ती रीतच पडली. सडक रिकामी असली की मामा उतरणार, पुढे चालत जाणार आणि स्वतःच तिकडून येणार. आधी दिवस जायचा, आता घटकाभर जायची, एवढाच फरक. लोक हसत. वकील म्हणायचे, “आधी हे साताऱ्याला चालत पोचतील, मग आपली मोटार.” चिखलात जाऊन येऊन मामांचे गुडघे धरायचे. गिअर टाकताना तोंडातून आवाज निघायचा, तो सगळ्यांना ऐकू यायचा.

मी एकदा म्हटलं, “मामा, निदान तो कोट तरी काढा. लांबून बघितलं तर गावातल्या पोरांना वाटेल पोलीस आला, आणि पोलिसांना वाटेल पलटणीतून पळालेला कोणी आहे.”

“दोगांनाबी माजी वळख हाय साहेब. रोजची वाट हाय.”

ते खरंही होतं. पुलांवर पोलिसांचे पहारे बसले होते. त्यांना मामा तंबाखू द्यायचे. कधी उसातून एखादं पोरगं डोकं वर काढायचं आणि मामांना बघून परत आत जायचं. त्यालाही ते तंबाखू ठेवून यायचे.

भादव्यात बातमी आली की भावाला दुसऱ्या एका खटल्यासाठी साताऱ्याला परत आणलंय. पुन्हा खटपट केली, पुन्हा परवानगी मिळाली. पुन्हा चारच्या आत. मी आईला म्हटलं, आदल्या दिवशी जाऊ, दुसऱ्या कुठल्या मोटारीने जाऊ. पण परवानगी आली आदल्या संध्याकाळी, आणि दुसरी मोटार लष्कराने ओढून नेलेली. राहिले मामाच.

मामांनी आईला पुढच्या बाकावर, आपल्या मागेच बसवलं. “आई, आज चुकायचं न्हाई,” म्हणाले. “काल येताना समद्यांना इचारून आलोय. सन न्हाई, जत्रा न्हाई, बाजार न्हाई.”

पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. सातारा जवळ आलं. अजून भरपूर वेळ हातात होता, आणि पुढे एक नदीवरचा पूल तेवढा राहिला होता. बराच वेळ समोरून कोणी आलेलं नव्हतं. मामांचा हात कपाळाकडे गेला. मी डोळे मिटून घेतले.

“मामा, पाऊस आहे म्हणून नाहीत माणसं. चला हो.”

“आसंल की. बघून येतो. पुलाची गोष्ट हाय.” मग आईकडे वळले. “आई, बसा. हा गेलो आन् हा आलो.”

ते गेले. नदी दुथडी भरली होती, पुलाच्या अलीकडे एवढ्या लांब असूनही तिचा आवाज येत होता. मी बाकावर बोटं आपटत बसलो. वकील नव्हते त्या दिवशी, म्हणून त्यांच्या वाटणीचं मीच बोलत होतो. हा माणूस सुधारायचा नाही. पुन्हा तेच करणार. एकदा घोटाळा करून पोट भरलं नाही ह्याचं. आई म्हणाली, “येतील रे.”

मधेच एक आवाज झाला. ज्वारीची पाखरं हाकायला बार उडवतात, तसा. क्लीनरने कोळसा सारता सारता वर बघितलं आणि पुन्हा सारायला लागला.

वेळ जात राहिला. वळणाआडून मामा येईनात. मी उतरून त्यांच्यासारखा कपाळाला हात लावून बघत उभा राहिलो. तिकडनं कोणी येत नव्हतं.

मग दोन माणसं आली. पोलीस होते. एकाच्या हातात मामांची काठी होती.

“गाडी कुणाची ही?” त्याने विचारलं.

पुलावरचा पहारा आदल्या रात्रीच बदलला होता. नव्या लोकांना पूल उडवणार आहेत अशी खबर दिलेली. पावसात खाकी कोटातलं एक माणूस एकटंच चालत येतंय, पुलाच्या कठड्यावरून वाकून खाली बघतंय. त्यांनी हटकलं म्हणतात. नदीच्या आवाजात मामांना ऐकू आलं नाही, तशी त्यांनी गोळी घातली. एवढंच. एवढ्यावर माणूस गेलं. पूल शाबूत होता, रस्ता मोकळा होता, उसात कोणी नव्हतं. मोटार तशीच पुढे नेली असती तर पोलिसांनी थांबवली असती, आम्हाला पावसात उभं केलं असतं आणि सोडलं असतं, रोजच्यासारखं.

मामांना मोटारीतच घेतलं. मधल्या जागेत ठेवलं. आईने आपल्या अंगावरची लोकरीची धाबळी काढून त्यांच्यावर घातलं. क्लीनर रडत रडत मोटार चालवत होता. तुरुंगापाशी त्याने मोटार थांबवली आणि आईला म्हणाला, “उतरा आई. चार न्हाई वाजलं अजून.”

आई मामांकडे बघत बसून राहिली. मला वाटलं, उतरत नाही ही. मग तिने डबा उचलला आणि उतरली. भाऊ गजाआड उभा होता, वाळून काटकी झालेला. आईने डबा देऊन त्याचे हात धरून ठेवले. शेवटी जायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, “मला इथवर एका माणसाने आणलंय. त्याला विसरू नकोस.”

दुसऱ्या दिवशी परतताना तीच मोटार होती, चालवायला तोच क्लीनर. पाऊस थांबला होता. पुलाच्या अलीकडे समोरून कराडची मोटार आली. तिच्या ड्रायव्हरने थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याला काल काय झालं ते अजून कळलं नव्हतं. मामांची सवय ह्या रस्त्यावर आता सगळ्यांनाच लागली होती.

“म्होरं काय हाय रं?”

क्लीनरने चाकावर डोकं टेकलं. तेव्हा आई खिडकीतून वाकली. आयुष्यात कधी परक्या पुरुषाशी मोठ्याने न बोललेली माझी आई, तिने आवाज चढवून सांगितलं, “आम्ही आलोय तिकडून. रस्ता मोकळा आहे. जा तुम्ही.”

ती मोटार गेली. आम्ही पूल ओलांडला. पहाऱ्यावरचे शिपाई कठड्याला टेकून बिडी ओढत होते. त्यांनी आमच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.